फोटोतला आलोच

आता सांगतो ते कोणी मानत नाही. माझी बायकोही मानत नाही, आणि ती तर माझ्याशी लग्न करण्याइतकी भोळी.

मी वहिनींच्या घरी बसलो होतो, तेव्हा त्यांच्या शेजारी नव्याने राहायला आलेल्या मास्तरीणबाई इस्त्री मागायला आल्या आणि भिंतीवरच्या फोटोपाशी थबकल्या. फोटोत वहिनी, त्यांची मुलगी आणि वहिनींच्या खांद्यामागे एक पांढरा फराटा.

"डाग पडलाय का हो?"

"डाग कसला," मी म्हणालो. "घरधनी आहेत ते. बसा."

वहिनी खिडकीशी बसून उसवलेल्या उशीला टाके घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

वहिनींचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. मी त्यांचा कामातला जोडीदार. लिफ्टमध्ये माणसं अडकून बोंबलायला लागली की हा खालूनच ओरडायचा, "आलोच." मग सावकाश जिने चढायचा. त्याचा एक पाय आखूड होता. नावच पडलं, आलोच.

त्याला एकच षोक, फोटोचा. कॅमेरा स्टुलावर ठेवायचा, कळ दाबायची, कॅमेरा गुरगुरायला लागला की "आलोच, आलोच" करत फोटो निघायच्या आत बायकोमुलीकडे पळायचं. जन्मात एकदा वेळेवर पोचला असेल तर शपथ. प्रत्येक फोटोत बायको नीट, मुलगी नीट आणि कडेला हा फराटा.

"अहो, तुमच्याशी लग्न झाल्याचा पुरावा काय माझ्याकडे?" वहिनी विचारायच्या.

गेला तोही कामावरच. वरच्या मजल्यावर, छातीत कळ येऊन. लिफ्ट मात्र चालू करून गेला.

पुढे मुलीला नोकरी लागली, लांब, परमुलखात. निघायच्या दिवशी तिला आईबरोबर एक फोटो हवा होता. खाली टॅक्सी उभी, आणि वहिनी पाठ फिरवून बसलेल्या.

"नको. ते नाहीत, तर फोटो कसला?"

"आई, मी तिकडे काय बघत बसू?" मुलगी म्हणाली.

मग मी म्हणालो, "वहिनी, त्याच्याच कॅमेऱ्याने काढू. वेळ पाळणारा माणूस नव्हे तो. अजून वाटेत असेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठून मुलीशेजारी उभ्या राहिल्या.

"कॅमेरा स्टुलावर ठेवून मी कळ दाबली मात्र," मी मास्तरीणबाईंना म्हणालो, "बाहेर बंद पडलेली लिफ्ट आपोआप वर आली. दार उघडलं. आत कोणी नाही. आणि घरभर मशीनच्या तेलाचा वास."

"तुम्ही पाहिलंत?"

"वास कसा दिसेल? फोटो धुऊन आला तर हा फराटा. पोरीला एक प्रत पाठवली. बाबा आले होते म्हणून ती फोनवर कितीतरी वेळ रडली, आणि मग व्यवस्थित जेवायला लागली."

मास्तरीणबाईंनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. "पण फोटो निघाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मी? स्वयंपाकघरात. दूध उतू चाललं होतं."

"स्वयंपाकघर म्हणजे हे, फोटोत यांच्या पाठीमागे दिसतंय ते?"

"घराची रचना महत्त्वाची नाही, बाई."

"आणि अजूनही येतात ते?"

"येतात तर," मी पाय पसरून बसलो. "परवाचीच गोष्ट. संध्याकाळी मी जिन्यात—"

वहिनींनी दातांनी दोरा तोडला.

"भावजी, पुरे. त्या दिवशी मागून धावत येऊन तुम्ही माझ्या पायावर पाय दिलात. करंगळीचं नख काळंनिळं पडलं होतं. पोर कॅमेऱ्याकडे बघून हसत होती, म्हणून मी हलले नाही."