चौकातलं अभिनंदन

विजयसिंहाला मी दीर मानते, म्हनून शिवी गिळली. न्हायतर त्या दिवशी तोंडात आलीच होती.

झालं असं. वालचंदनगरच्या आमच्या जावयानं गुपचूप दुसरा निकाह लावला. रेश्मा, आमची एकुलती लेक, भांडून आमच्या गावाला, अंथुर्ण्याला आली. त्या मेल्या जावयानं तिची तान्ही पोर तिकडंच ठिवून घेतली. आमचे मालक दस्तगीर मोटारी दुरुस्त करत्यात, पाच वक्ताचे नमाजी. जुम्याला मशिदीत जमातीपुढं उभं राहिले आन् म्हनाले, "एकीला कळूबी न देता दुसरी आनायची, ह्याला दीन-धरम म्हनायचं का? त्या काळची सवलत त्या काळाला. आता आपुनच बंद करू. न्हायतर उद्या आपल्या लेकीच इचारतील, ह्या धर्मात आमचं काय हाय?"

घरी येऊन त्यांनी सांगितलं, तवा मी आदी दार लावून घेतलं. पन हाजी कादरभाई, जमातीचे मोठे, भला मानूस. म्हनाले होते, "कडू बोललास, पन खोटं न्हाय. फुडच्या जुम्याला ठराव करू. जावयाला बोलवून नातबी आनू." रेश्मा त्या दिवशी पोटभर जेवली.

आन् मधीच विजयसिंहाला उमाळा आला. त्याचा ऊस आमच्या घराला लागून, मालकांचा जिगरी दोस्त. आमच्याकडं कुनाचा बैल शर्यतीत आला तरी फ्लेक्स लागतो. ह्यानं चौकात मालकांचाच लावला, चांगला ट्रॅक्टरएवढा! वर लिवलं, 'इस्लाममधल्या अन्यायावर तुटून पडनारा वाघ! हार्दिक अभिनंदन!' खाली गावातल्या पोरांच्या फोटोंची रांग. त्यातलीच दोघं, मुसलमानाच्या दुकानात जाऊ नका म्हनून मोबाईलवर पाठवत असत्यात.

"वहिनी, मी कौतुकच केलं की!"

"भावजी, तुमच्या कौतुकानं घर बुडालं आमचं!"

बिचाऱ्यानं सोत्ता जाऊन फ्लेक्स फाडला, रडलाबी. पन फोटो तवर घरोघर पोचला होता.

ठराव झाला न्हाय. कादरभाई घरी आले, चहाला हात लावला न्हाय. "दस्तगीर, चारी बाजूंनी आपल्यावर बोटं हायेत. आता ठराव केला तर त्यांच्या धाकानं केला म्हनतील. तरनी पोरं तर तुला फितूर म्हनत्यात. थांब जरा."

"किती थांबू? माझ्या लेकीनं किती थांबायचं?"

कादरभाई उठून चपला घालू लागले. त्यांचाबी राग करता येईना मला.

सांजच्याला जावयाचा फोन आला. रेश्माच्या बापानं जमातीपुढं तोबा करावी, आपलं चुकलं म्हनावं, मगच पोर बघायला मिळंल.

मालक कधी न्हाय ते मोठ्यांदा ओरडले, "चुकलं काय माझं? सांगा की कुनीतरी!"

रेश्मा त्यांच्यापाशी जाऊन बसली. "तुमचं काय बी चुकलं न्हाय, अब्बा. माझ्यासाठी एवढं कोन बोललं न्हाय कदी."

मग उठून त्यांची नमाजाची टोपी आनून हातात दिली, आन् म्हनाली, "पन जावा."