खुर्ची कुठली धरायची

दुसऱ्या मुलाखतीचं बोलावणं आलं म्हटल्यावर नेवेन्काला आनंद व्हायला हवा होता. पण तिने फोनवर आधी विचारलं ते, खोलीत किती जण असतील.

पहिली मुलाखत झकास गेली होती. वाल्येवो गावाबाहेर एक शीतगृह आहे, तिथे रासबेरी निवडून गोठवतात. हंगामाच्या आधी त्यांना पाळीप्रमुख हवी होती. दुन्या नावाची हसतमुख मुलगी एकटीच मुलाखत घ्यायला होती आणि नशिबाने ती नेवेन्काच्या उजव्या हाताला बसली होती. नेवेन्काने शर्टांच्या कारखान्यात, तो बंद पडेपर्यंत, शिलाईची अख्खी रांग सांभाळली होती. त्यावर दोघींच्या इतक्या गप्पा रंगल्या की कॉफी गार झाली. आता त्याच दुन्याचा फोन आला होता. बुधवारी या, मालक असतील, खरेदीविक्रीचे साहेब असतील, आणि मीही असेनच.

"तिघं," फोन ठेवत नेवेन्का म्हणाली. "तीन दिशांना तीन तोंडं."

तिचा नवरा ओब्राद कांद्याची पात चिरत होता. "मग सांगून टाक ना सरळ. कान चोरीचा आहे का तुझा?"

"तू गप्प बस."

नेवेन्काला लहानपणी गालगुंड झाले होते. ताप उतरला, पण जाताना डावा कान घेऊन गेला. त्या कानाला काही म्हणजे काही ऐकू येत नसे. कारखान्यात ते कुणाला कळलंच नाही, कारण मशिनांच्या खडखडाटात सगळ्याच बायका हातवारे करून बोलायच्या. कारखाना बंद झाल्यावर ती एका बेकरीत लागली. तिथे एकदा डावीकडून एक गिऱ्हाईक पाव मागत राहिलं आणि ही आपली उजवीकडच्या बाईचे पैसे मोजत राहिली. तेव्हा भरल्या दुकानात बेकरीवाला ओरडला, "या बहिरीला गल्ल्यावर कुणी बसवलं?" नेवेन्काने एप्रन काढून काउंटरवर ठेवला आणि घरी आली. तेव्हापासून कानाचा विषय घरात फक्त दार लावून निघायचा.

पण सासूबाईंच्या, म्हणजे पेर्सिदाबाईंच्या, पोटात काही राहत नसे. संध्याकाळी त्या कॉफीसाठी शेजारच्या रातोमिरना घेऊन आल्या. रातोमिर निवृत्त न्यायाधीश. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून बसणारे. खुर्चीवर टेकता टेकताच त्यांनी विचारलं, "डावा की उजवा?"

नेवेन्काने सासूकडे पाहिलं. "आई!"

"अगं, जजसाहेब आपलेच आहेत," पेर्सिदाबाई जराही न वरमता म्हणाल्या. "माणसांना प्रश्न विचारण्यातच जन्म गेला त्यांचा. तुला तयारी नको का?"

मग स्वयंपाकघरातच कचेरी मांडली. जजसाहेब मालक झाले, ओब्राद खरेदीविक्रीचा साहेब झाला आणि पेर्सिदाबाई, केसांना पिन लावून, दुन्या झाल्या. जजसाहेबांनी डावपेच आखला. "आत शिरल्याबरोबर भिंतीकडची खुर्ची धरायची. डावा खांदा भिंतीला. म्हणजे जगातले सगळे लोक तुझ्या उजवीकडे. ये, बाहेरून ये."

नेवेन्का बाहेर गेली, दार वाजवून आत आली, भिंतीकडच्या खुर्चीत बसली. खुर्ची मांजराची होती. मांजर ओरडलं.

"कामगारांमध्ये भांडण झालं तर काय कराल?" जजसाहेबांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"दोघींना वेगवेगळ्या टेबलांवर बसवीन आणि सुट्टीत एकेकीशी बोलेन."

"वा! पुढचा प्रश्न?"

"पोरंबाळं का नाहीत अजून?" पेर्सिदाबाईंनी विचारलं.

"आई, असं कुणी विचारत नाही!"

"मी विचारते."

ओब्राद इतका हसला की त्याच्या हातातला पेला डुचमळला. नेवेन्कालाही हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी घर असं हसत होतं. पण रात्रीचं जेवण आटोपून भांडी पुसताना ओब्राद हळूच म्हणाला, "आणि तिथे भिंतीकडे खुर्चीच नसली तर?" तीच भीती नेवेन्कालाही होती.

बुधवारी ओब्रादने तिला गाडीतून सोडलं. ती मुद्दाम लवकर पोचली. दुन्याने तिला खोलीत नेलं आणि नेवेन्काने आधी भिंतीकडची खुर्ची शोधली. खोलीच्या मधोमध गोल टेबल. भिंती चारही लांब. खुर्च्या चहूकडे.

खिडकीशी टेबलाची कड जरा जवळ होती. तिथली खुर्ची तिने धरली, डावा खांदा खिडकीकडे. दुन्या उजवीकडे बसली. खरेदीविक्रीचा साहेब बोगोसाव समोर बसला, उंची टाय, पुढ्यात फोन. इथवर ठीक होतं. मग मालक आले. वेलिसाव नावाचे, साठीच्या पुढचे, जाड स्वेटर घातलेले. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली, एक खुर्ची उचलली आणि थेट खिडकी आणि नेवेन्का यांच्यामधल्या फटीत आणून ठेवली. तिच्या डाव्या बाजूला!

ते काहीतरी बोलले. तिला त्यांचे ओठ तेवढे हललेले दिसले.

नेवेन्का उठली. "तुम्हाला ऊन लागेल, साहेब. मी सरकते." आणि ती खुर्ची घेऊन, वळसा घालून त्यांच्या पलीकडे जाऊन बसली, म्हणजे आता ते तिच्या उजवीकडे आले. वेलिसाव अस्वस्थ झाले. मान पार वळवून तिच्याकडे बघू लागले. मग तेही उठले. "छे, छे, तुमच्या तोंडावर ऊन येतंय," म्हणत खुर्ची उचलून पुन्हा तिच्या डावीकडे जाऊन बसले. बोगोसावने फोनवरून नजर वर केली. दुन्या लेखणी हातात धरून बघतच राहिली. नेवेन्का पुन्हा अर्धी उठली, आणि त्या अवघडलेल्या क्षणी तिला स्वतःचीच कीव आली. अख्खा जन्म असंच खुर्च्या बदलत बसायचं का?

ती खाली बसली आणि पूर्ण वळून मालकांच्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "साहेब, माझा डावा कान लहानपणीच गेलाय. तुम्ही तिकडे बसलात तर मला तुमचा एक शब्दही कळणार नाही. म्हणून मी सरकत होते. पहिल्या वेळी मी हे सांगितलं नाही, सांगायला हवं होतं."

मग वेलिसाव खो खो हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"अहो बाई, माझाही डावाच गेलाय! शीतयंत्रांच्या घरघरीत. तुम्ही माझ्या डावीकडे जात होता, म्हणून मी पळत होतो!"

"अहो, मग मला सांगायचंत ना," दुन्या म्हणाली. "मी इतकी वर्षं समजतेय की तुम्ही माझ्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करता."

"कधी कधी मुद्दामच करतो," वेलिसाव म्हणाले आणि खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडे, नेवेन्काच्या बरोबर समोर गेले. बोगोसावला त्यांनी ढोपराने बाजूला सारलं. "हं. आता बोला."

नेवेन्कालाही हसू आलं. पण बोगोसाव काही हसला नव्हता. "आत माल वाहणाऱ्या गाड्या मागून येतात," तो म्हणाला. "भोंगा वाजवतात. तुम्हाला कळणार कसं, कुठल्या बाजूने आली?"

प्रश्न रास्त होता, आणि आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "बाजू नाही कळणार," ती म्हणाली. "म्हणून मी थांबते आणि मागे वळून बघते. दर वेळी. कारखान्यातही गाड्या होत्या. मला एकच मागायचंय. गाडीवर फिरता दिवा असेल तर बरं."

"दिवे आहेत," वेलिसाव म्हणाले. "मीच बसवून घेतलेत. दोनदा धडकता धडकता वाचलोय मी." मग त्यांनी रासबेरीचं विचारलं, पावसात भिजलेला माल आला तर काय कराल, बायका दमल्या तर काय कराल. रासबेरीचं आपल्याला काही कळत नाही, ते शिकावं लागेल, असं नेवेन्काने सरळ सांगितलं. दमलेल्या बायकांचं मात्र तिला ठाऊक होतं, आणि त्यावर ती बोलतच सुटली. बोगोसावनेही मग फोन उलटा ठेवला.

शेवटी वेलिसावनी दुन्याकडे पाहिलं, दुन्याने बोगोसावकडे. बोगोसावने खांदे उडवले आणि मान हलवली. "सोमवारपासून या," वेलिसाव म्हणाले.

बाहेर ओब्राद गाडीला टेकून उभा होता. तिचा चेहरा पाहून त्याने मिठीच मारली. गाडीत बसल्यावर नेवेन्का आधी हसली, मग तिला रडू आलं, मग सगळं उलटसुलट सांगत सुटली. ओब्रादने वाटेत गाडी थांबवून पनीर भरलेला, पापुद्र्यांचा गरम बुरेक घेतला. तिच्या पोटात दोन दिवसांत पहिल्यांदाच धड काही गेलं.

घरी पेर्सिदाबाई आणि जजसाहेब दारातच उभे होते. बातमी ऐकून सासूने सुनेचे दोन्ही गाल ओढून मुके घेतले, जजसाहेब डोळे पुसत, नाक शिंकरून म्हणाले की डावपेच चुकला तरी हरकत नाही.

"बरं, सोमवारी जायचं किती वाजता?" पेर्सिदाबाईंनी विचारलं. "तुला डबा करायचा तर मला ठाऊक हवं."

नेवेन्काने कपाळाला हात लावला. "ते विचारायचंच राहिलं."

"मग लाव फोन!"

तिने पिशवीतून फोन काढला, हाताला लागली त्या खुर्चीवर ऐसपैस बसली आणि दुन्याला फोन लावला.