आडवा उचललेला माणूस

लढाईचा नववा दिवस. मासेमारी बंद. मिरकरवाड्याच्या जेटीवर बोटी एकमेकींना खेटून बांधलेल्या, आणि बर्फ फोडणारी माणसंसुद्धा नुसती गप्पा छाटत बसलेली. अशात सकाळी नौदलाचा निरोप आला. काल संध्याकाळी आपलं एक विमान समुद्रात पडलंय, वैमानिक हवाई छत्रीने उतरलाय, शोधायला चार बोटी हव्यात. दुसरं कुणी तयार होण्याआधीच धोंडू तांडेलाने आपल्या बोटीचा दोर सोडला.

"तांडेल, घरी तरी सांगून येतो," विनोद म्हणाला. तो इंजिन सांभाळायचा आणि त्याहून जास्त तोंड चालवायचा.

"तुझी बायको 'सुटले एकदाची' म्हणेल. चल."

तीन वर्षांपूर्वी याच बोटीवरून धोंडूचा भाचा बाबू पाण्यात पडला होता. सापडायला रात्र गेली. सापडला तेव्हा जिवंत होता, हात वर करून "मामा, लवकर" म्हणाला. धोंडूने काखेत हात घालून त्याला सरळ उभाच वर ओढला. बाबू फळीवर उभा राहिला, हसला आणि कोसळला तो कायमचा.

पुढे बंदरावर एक शिबिर झालं. तिथल्या साहेबाने सांगितलं, खूप वेळ पाण्यात राहिलेल्याला उभा उचलू नका. रक्त एकदम पायांकडे उतरतं, काळीज बंद पडतं. आडवाच काढा. धोंडू त्या दिवशी जेवला नाही. बाबूची आई मालन म्हणजे त्याची सख्खी बहीण. मासळीबाजारात ती सगळ्यांना सांगायची, "दादाच्या हातात गेला माझा पोरगा, परका नव्हता कोण." तिला खरं सांगायला त्याची जीभ कधी रेटली नाही.

अकराच्या सुमारास बोटीवरच्या ओमकार खलाशाला नारिंगी ठिपका दिसला. जवळ गेले तर जीवरक्षक जाकिटातला वैमानिक. ओठ निळे, पण शुद्ध होती. त्याने दोन्ही हात वर केले. "चाचा, खींचो."

विनोद आणि ओमकार वाकले.

"हात लावू नका," धोंडू ओरडला. "जाळं आणा."

"अहो मरतोय तो! जाळं कसलं मागता?" विनोद म्हणाला.

"आण म्हणतो ना."

जाळ्याची एक कड बोटीला बांधली. दुसरी त्याच्या खालून घ्यायला धोंडू स्वतः पाण्यात उतरला. वैमानिक घाबरून त्याच्याच गळ्याला लटकू लागला, रडू लागला. त्याला पाण्यावर उताणा धरून ठेवणं म्हणजे बुडवल्यासारखंच वाटत होतं.

"थांब बाबू," धोंडू म्हणाला. "हात खाली घे. थोडं थांब."

वर विनोदने वाद सोडला. मग त्याने आणि ओमकारने जाळं ओढलं, तसा वैमानिक आडवाच लोळत बोटीत आला. विनोद त्याला चहा पाजायला उठवून बसवू लागला, तर धोंडूने विनोदचा हात धरला. "बसवू नको. निजू दे." जेटी येईपर्यंत धोंडूची बोटं वैमानिकाच्या मानेवरच्या नाडीवर होती. ठोके चालू होते.

जेटीवर त्याला स्ट्रेचरवरून रुग्णवाहिकेत ठेवलं. मालन टोपली टाकून धावत आली.

"जगला ना रे, दादा?"

"जगला."

"मग तोंड का असं?"

ओल्या कपड्यांत, उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. शिबिरातलंही. "बाबूला मी उभा काढला, मालन. आणि याला पाण्यात मी बाबू म्हटलं."

मालनने त्याला जवळ घेतलं नाही, दोषही दिला नाही. पदराने आपलं तोंड पुसलं.

"याचं खरं नाव काय?"

"विचारलं नाय."

"मग विचारून ये. तोही कुणाचा तरी आहे."

रुग्णवाहिकेचं दार अजून उघडं होतं. धोंडू तिकडे चालू लागला. थोड्या अंतराने मालनही निघाली.