मापाचा वोक

मास्तरांनी आयुष्यभर लोकांचे कोट शिवले. दारातून आत येणाऱ्या माणसाचा कुठला खांदा उतरलेला आहे, हे ते टेप न लावता सांगायचे. पण स्वयंपाकघरात त्यांचा हात म्हणून चालत नव्हता. बायको जाऊन सात महिने झाले होते. तेवढ्या काळात त्यांनी दोन पातेली जाळली, मनगट तीनदा भाजून घेतलं आणि शेवटी पाव-अंड्यांवर येऊन थांबले. अंडीही धड होत नव्हती.

लेकीनं ते पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं, "बाबा, रविवारी मी जेवायला येते. एक धड जेवण करून वाढलंत तर मी गप्प बसेन. नाहीतर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. आणि बाहेरून आणून पातेल्यात ओतू नका, मला कळतं."

"मागच्या वेळी कुठे कळलं?"

"कळलं होतं. बोलले नाही."

मास्तरांना लेकीकडे जायचं नव्हतं. तिथं काही कमी होतं असं नाही. जावई तर इतका चांगला, की त्याच्यासमोर मोकळेपणानं कुरकुरताही येत नसे. पण हे घर सोडलं की बायको दुसऱ्यांदा जाणार, असं त्यांना वाटायचं. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं सल्ला दिला, एक वोक घ्या. खोलगट, लांब दांड्याचं भांडं असतं, भाजी, अंडी, भात सगळं त्यातच परतता येतं. म्हणून शुक्रवारी सकाळी मास्तर भांड्यांच्या दुकानात गेले.

दुकान एका बाईंचं होतं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला. भिंतीवर ओळीनं वोक टांगले होते. मास्तरांनी सवयीनं एकेकाची कड चिमटीत धरून कापडासारखी चाचपली. त्यातला सगळ्यात जाड, बिडाचा, त्यांच्या मनात भरला.

"हा द्या. यातला मोठ्यातला मोठा. जन्मभर टिकेल."

"कुणाच्या जन्मभर, काका? एका हातानं उचलून बघा."

मास्तरांनी उचलला. खांद्यापर्यंत कळ गेली, पण त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिली नाही.

"दिसतंय चेहऱ्यावर," बाई म्हणाल्या. "घरात माणसं किती?"

"एक."

"मग एवढा मोठा कशाला?"

"शिवणीत जादा कापड सोडतो ना आम्ही, तसं. असावं थोडं जास्तीचं."

"ते पोरांच्या कपड्यांत. भांडं काही बाळसं धरत नाही." बाईंनी एक पातळ पोलादी पत्र्याचा वोक खाली काढला. "घरी साधा गॅस ना? मग बूड सपाट हवं. गोल बुडाचा डुगडुगतो. या इकडे."

दुकानाच्या मागच्या बाजूला ओट्यावर एक शेगडी होती, गॅस न जोडलेली. बाजूला सात रिकामे डबे. बाईंनी वोक शेगडीवर ठेवला आणि त्यात दोन मुठी वाळके वाटाणे टाकले.

"घरी जसे असतात तसे डबे मांडा. मग परता. मी मीठ म्हटलं की मीठ, तेल म्हटलं की तेल. लाजू नका, इथं सगळेच वाटाणे परततात."

मास्तरांनी डबे मांडले आणि परतायला लागले. वाटाणे खडखडत होते. बाई मीठ म्हणाल्या, तेल म्हणाल्या, परत मीठ म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"थांबा. मनगट दाखवा."

मास्तरांनी बाही वर केली. तिन्ही डाग एकाच जागी होते.

"सगळे डबे डावीकडे, आणि तुमचा हात उजवा. दर वेळी हात आगीवरून जातोय. स्वयंपाकघर कुणी लावलंय?"

"बायकोनं."

"डावखुऱ्या आहेत?"

"होती."

बाईंनी मांडलेल्या डब्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, "फार हुशार होत्या. बघा, कुठलाच डबा दुसऱ्याच्या आड येत नाही. जास्त लागणारा जवळ, कमी लागणारा लांब. ज्यांनी मांडलं त्यांना डोळे मिटून रांधता येत असणार."

येतच होतं. मागे वळून मास्तरांशी बोलता बोलता ती मीठ टाकायची, डब्याकडे न बघता. चाळीस वर्षं मास्तर ते बघत आले होते. सवय असेल, एवढंच त्यांना वाटलं होतं. आपल्या शिवणाच्या दुकानात तिच्यासाठी त्यांनी डावखुऱ्यांची कात्री वेगळी ठेवली होती, कारण कात्री त्यांना कळत होती. पण टेप नाही, खडू नाही, आणि तिनं अख्खी खोली आपल्या अंगाला बेतली होती, हे त्यांना आज एका परक्या बाईनं दाखवलं. त्यांचा एकही कोट कुणाला इतका चपखल बसला नव्हता. आणि सात महिने ते तिच्या मापाच्या कपड्यात हात घालून, शिवण चुकली म्हणून स्वतःला दोष देत बसले होते.

"मग डावखुऱ्यांचा वोक द्या की," ते म्हणाले.

"वोकला डावं-उजवं नसतं, काका. हाच घेऊन जा. डबे मात्र हलवावे लागतील."

"ते तिनं ठेवलेत."

"मग हात भाजत राहा," बाई म्हणाल्या, पण हळू आवाजात. वोक कागदात गुंडाळताना, आधी तापवून तेलाचा हात कसा फिरवायचा तेही त्यांनी दोनदा समजावलं.

शनिवारी मास्तर ओट्यापुढे बराच वेळ उभे राहिले. एका डब्याला हात लावला आणि काढून घेतला. मग आत जाऊन टेप आणि मापवही घेऊन आले. गिऱ्हाइकांची मापं त्यात असत, बायकोचं पान कधी नव्हतं. त्यांनी नवीन पान उघडलं, वर तिचं नाव लिहिलं आणि मापं घ्यायला सुरुवात केली. शेगडीच्या कडेपासून मीठ सहा इंच. तेल नऊ. साखर मागच्या ओळीत, चौदा. झाऱ्याचा खिळा ओट्यापासून दीड फूट. एकेक आकडा लिहिताना ते मनातल्या मनात वा म्हणत होते.

सगळं लिहून झाल्यावर, डाव्या बाहीचा कागद उलटा ठेवून उजवी बाही बेततात, तसं त्यांनी सगळं उजवीकडे मांडलं. इंचाचाही फरक केला नाही. मग वोक चढवला.

रविवारी लेक आली ती सरळ ओट्यापाशी गेली आणि न बघता डावीकडे हात घातला. हाताला काही लागलं नाही.

"मीठ कुठाय?"

"उजवीकडे. सहा इंचांवर."

ती वळली. सगळी मांडणी एकदा बघून घेतली. तिचा चेहरा उतरला.

"आईचं सगळं हलवलंत?"

मास्तरांनी मापवही तिच्यापुढे धरली. तिनं पान वाचलं, डब्यांकडे पाहिलं, परत पान वाचलं. मग नाक ओढून ताट घेऊन बसली.

"कोबी करपलाय," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"एका बाजूनं."

"गाजर बरं झालंय." तिनं ताट पुढे केलं. "वाढा अजून. पुढच्या रविवारी यांनाही घेऊन येते. त्यांना तिखट कमी लागतं, लक्षात ठेवा."

"मग दोनदा परतावं लागेल. वोक लहान आहे," मास्तर म्हणाले आणि वाढायला उठले.