लिफ्टला मधला टप्पा नाही

मित्रांनो, मी एक जुना सागवानी जिना आहे. जुना मी स्वतःला म्हटलं तर चालतं, दुसऱ्यानं म्हटलेलं मला खपत नाही. समोरच्या कोपऱ्यातल्या त्या काचेच्या डबीनं तर मुळीच म्हणू नये. तिला लिफ्ट म्हणतात. घरात येऊन अजून वर्ष झालं नाही आणि तोरा बघा! तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. म्हणजे, लगेच नाही.

आमचं घर शिंप्याचं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. मला घडवणाऱ्या सुताराला मला सरळ वर न्यायचं होतं, पण खोली पडली आखूड. मग त्यानं मला अर्ध्यावर वळवलं, वळणावर एक चौकोनी टप्पा दिला आणि तिथल्या भिंतीत खिडकी ठेवून घेतली. शेवटचा रंधा मारताना तो म्हणाला, "बाबा रे, माणसं वर बघून चढतात नि खाली बघून उतरतात. तुझ्याकडे कुणी बघायचं नाही. मनाला लावून घेऊ नकोस." मी लावून घेतलंच.

पण माझ्याकडे बघणारं एक माणूस या घरात आलं. आता सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. तेव्हा त्या मोठ्या नव्हत्या, नुसत्याच बाई होत्या, नवी सून. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिलेली, पण शिवण त्यांना आतून-बाहेरून कळायची. आमच्याकडे कपडा खाली बेतायचा, मशीनवर शिवायचा, मग काज-बटणांना आणि तुरपाईला वर जायचा आणि इस्त्रीला परत खाली यायचा. जाताना-येताना वाट माझीच. बाईंनी माझ्या मधल्या टप्प्यावर पाट टाकला आणि तिथं ठाण मांडलं. हातात आलेला प्रत्येक कपडा त्या खिडकीच्या उजेडात धरायच्या, दोन्ही मुठींत शिवण पकडून ताणायच्या आणि तोंड सुटायचं.

"ही बाही आहे की उशीचा अभ्रा?"

"हा खिसा कुणासाठी शिवलाय, मुंगीसाठी?"

खालचेही ऐकायचे, वरचेही ऐकायचे. नवरासुद्धा मान खाली घालून उसवायला बसायचा. गावभर बोलबाला झाला, की यांच्याकडची शिवण उसवत नाही. पाटीवर नाव दुकानाचं. पण ती अख्खी अब्रू माझ्या अंगाखांद्यावर बसलेली होती, हे मला ठाऊक होतं आणि बाईंना ठाऊक होतं. दुपारी काम सरलं की त्या तिथंच कठड्याला डोकं टेकून डोळा लावायच्या. मित्रांनो, राजाचं सिंहासन कधी पाहिलं नाही मी, पण त्याला काय वाटत असेल ते मला विचारा.

मग बाईंचे गुडघे धरले. पायरीगणिक "आई गं" व्हायला लागलं. त्यांच्या मुलानं लिफ्ट बसवून घेतली. पहिल्या दिवशी बाई दारात अडून उभ्या राहिल्या.

"मला डबीत घालून वर पाठवतोस होय रे? तसं पाठवायला अजून वेळ आहे."

"आई, एकदा बसून तर बघ."

बसल्या. वर गेल्या. खाली आल्या. आणि कुणी न सांगता परत वर गेल्या! सवत घरात आल्यावर पहिलीला काय वाटतं, ते त्या दिवशी मला कळलं. बरं, सवत मुकी तरी असावी! ही इंग्रजीत बोलते. दार लावताना "डोअर क्लोजिंग", पोचल्यावर "फर्स्ट फ्लोअर", तेही साखर घोळून. मी चाळीस माणसांचं ओझं वाहिलं तरी नुसता कुरकुरतो, ही रिकामी वर जाते तरी गुणगुणते. तिच्यात माणूस उभा राहतो आणि बटण दाबतो. याला काय चढणं म्हणतात? ती बसवली भिंतीशी, बरोबर माझ्या समोर. त्यामुळे दर खेपेला ती माझ्या टप्प्यासमोरून झगमगत जाते आणि मला बघत बसावं लागतं.

कपड्यांचे गठ्ठेही तिच्यातून जाऊ लागले. माझ्या पायऱ्यांवर रिकामी खोकी आली, कातरणाची पोती आली. कठड्यावर धूळ साचली. एके दिवशी मुलगा माप घ्यायची टेप घेऊन आला.

"आई, हा जिना काढून टाकू. अडीनडीला मागं लोखंडी जिना आहेच. इथं कपडे घालून बघायची खोली होईल, आरसा लावू."

आरसा! माझ्या जागी!

मोठ्या बाई लिफ्टमध्ये बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काढा. मला काय त्याचं?" आणि दार मिटलं. साखर घोळून मिटलं. शाळेचा कार्यक्रम झाला, की गवंडी येणार असं ठरलं.

शाळेचा कार्यक्रम म्हणजे ठकीचा. ठकी बाईंची नात, घरात माझ्यावरून धावणारी तेवढी एकच. तिला स्टेजवर इंग्रजी शब्द म्हणायचे होते, घरात वर-खाली जाण्याचे. ती माझ्यावरच पाठ करायची. "स्टेप म्हणजे पायरी. हँडरेल म्हणजे कठडा. स्टेअर्स म्हणजे जिना. अपस्टेअर्स म्हणजे वर, डाउनस्टेअर्स म्हणजे खाली." ऐकून मला काय आनंद झाला! म्हणजे त्या डबीतून वर गेलेल्या माणसालाही इंग्रजीत माझं नाव घेऊनच वर जावं लागतं! मी समोर बघितलं. ती गप्प होती.

"आणि आजी, तू बसायचीस ना, त्या मधल्या टप्प्याला लँडिंग म्हणतात."

"हो का?" बाई लिफ्टमधून उतरत म्हणाल्या. "जन्म गेला तिथं बसून, आणि त्याला नाव आहे हे आज कळतंय. आणि हिच्यात गं?" त्यांनी लिफ्टच्या काचेवर टिचकी मारली. "हिच्यात त्याला काय म्हणतात?"

ठकीनं विचार केला. "हिच्यात ते नाहीये, आजी."

 बाई जाताना एकदा वर टप्प्याकडे बघून गेल्या.

कार्यक्रमासाठी मुख्याध्यापकांनी आमच्याकडे कोट शिवायला टाकला होता. मुलानं एक बाही नुसत्या कच्च्या टाक्यानं जोडली, मशीन मारणार तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. कोट लिफ्टनं वर गेला. बाईंच्या सुनेनं बटणं लावली. कोट लिफ्टनं खाली आला, इस्त्री झाली, गेला. खालच्यांना वाटलं, वर बघितलं असेल. वरच्यांना वाटलं, खालून बघूनच आला असेल.

पुढचं मी पाहिलं नाही, पण संध्याकाळी घरी आल्यावर सगळे एकदम बोलत होते, त्यातून कळलं. ठकी स्टेजवर "अपस्टेअर्स!" म्हणाली. पोरांना नीट कळावं म्हणून मुख्याध्यापकांनी खुर्चीतून हात उंच करून वर दाखवलं. हात वर गेला आणि बाही खाली आली. ठकी पाठांतराची पक्की. न थांबता पुढचा शब्द म्हणाली, "डाउनस्टेअर्स!"

खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. पण मागोमाग मुख्याध्यापक स्वतः दुकानात आले. हातात बाही. रागावलेसुद्धा नाहीत. "यांची शिवण उसवत नाही म्हणतात, म्हणून आलो होतो," एवढंच म्हणाले, बाही गल्ल्यावर ठेवली आणि गेले. मग माझ्या गुदगुल्या कुठल्या कुठं गेल्या.

"तू वर बघितलं नाहीस?" मुलगा बायकोवर ओरडला.

"मी? बघून पाठवायचं काम तुमचं ना?"

"बटणं लावताना डोळे मिटले होते काय?"

"गप्प बसा दोघं," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, म्हणून दोघं जास्तच घाबरली. "तुम्ही दोघंही बघत नाही. कधीच बघत नव्हता. मी होते ना मध्ये. या डबीत वर आहे, खाली आहे. मध्ये काही नाही."

त्या माझ्याकडे आल्या. पहिल्या पायरीवरचं खोकं काठीनं ढकलून दिलं आणि पाय ठेवला. मित्रांनो, मी सगळं अंग ताठ केलं. एक फळी कुरकुरू दिली नाही. दुसरी पायरी. तिसरीला गुडघ्यानं दगा दिला. मुलानं धरलं म्हणून बरं. त्या तिथंच टेकल्या, धुळीत. पदरानं तोंड पुसलं. मग सुनेला म्हणाल्या,

"तू चढ. पाट वरच आहे. झटकून घे."

"आई, मला जमेल का?"

"नाही जमणार. म्हणून तर रोज बस." आणि मुलाकडे वळून, "गवंड्याला सांग, येऊ नको म्हणावं. आरसा तुझ्या डोक्यावर लाव."

मी वाचलो. पण मला हवं होतं ते काही मिळालं नाही. माझ्या टप्प्यावर आता सून बसते. कपडा वर जाताना आणि खाली येताना तिच्या हातून जातो. बसते तीही नीट, पण ती कठड्याला डोकं टेकत नाही. आणि बाई? बाई त्या गुणगुणणाऱ्या डबीत. मला कमी का जळायला होतं?

एकच गंमत आहे. लिफ्ट टप्प्यासमोर आली, की बाई आतून काचेवर बोटं आपटतात. "खांदा बघ, खांदा! अगं, तिकडून नव्हे, उलटा कर!" सून "हो आई" म्हणेपर्यंत लिफ्ट त्यांना वर घेऊन गेलेली असते. परवा सून एक सदरा खिडकीत धरून म्हणाली, "ही कॉलर आहे की कुत्र्याचा पट्टा?" खाली सगळे हसले. बाई तेव्हा काचेमागून जात होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांचं तोंड मी पाहिलं. लिफ्ट आल्यापासून ते तोंड माझं होतं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, ज्यावरून रोज जाता त्याच्याकडे कधीतरी थांबून बघा. पायऱ्यांवर खोकी रचू नका. फळीचा खिळा वर आला तर ठोकून घ्या. आणि लिफ्टची काच पुसायला फडकं घेतलंत, तर कठड्यावरूनही एक हात फिरवा.

आधी कठड्यावरून.