लाल बटणाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट. आता वय झालं, पण टेपरेकॉर्डरचं लाल बटण दिसलं की आजही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. का, ते सांगते.

माझ्यात नोरा डॉयलचा आवाज आहे. न्यू जर्सीतल्या एका दणदणाटी बँडची ही गायिका. १९८५ साली तिने एकटीने, नुसत्या गिटारवर, आयर्लंडहून आलेल्या आपल्या आजीची गाणी हळू आवाजात गायली. अल्बमचं नाव ठरलं नव्हतं, म्हणून माझं लेबलही कोरंच. एडिसनमध्ये तिच्या शेजारी राहणाऱ्या लतिकाकाकूंना तिने मला ऐकायला दिलं. काकू पोळ्या लाटताना मला लावायच्या आणि म्हणायच्या, "शब्द नाही कळले तरी माहेर आठवतं गं बाई!" मी अशी फुशारून जायचे म्हणून सांगू!

एका शनिवारी स्टुडिओतून नोराचा फोन आला. तळघरात पाणी शिरून त्या गाण्यांची मूळ टेप नासली होती. "रडू नकोस, तुझी कॅसेट माझ्याकडे सेफ आहे," म्हणत काकू गाडी काढून तिला आणायला गेल्या. म्हणजे आता उरले फक्त मी!

त्या परतायच्या आतच काकूंचे यजमान, त्र्यंबककाका, घाईघाईने घरात आले. त्यांचा मित्र इंडियाला निघाला होता. काका फोनवर सांगत होते, "प्रसन्न, दहा मिनिटं थांब यार. आईसाठी कॅसेट भरून देतो, नागपूरला पोचव." मग त्यांची नजर माझ्या कोऱ्या लेबलवर पडली.

कोणी पुसू नये म्हणून नोराने माझ्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडले होते. पण काका पडले इंजिनिअर! भोकांवर चिकटपट्टी लावली नि दाबलं लाल बटण.

"आई, मी त्र्यंबक बोलतोय. जेवलीस का गं?"

अगं आई गं! नोराचं गाणं पुसलं जात होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. अजून एक वाक्य, अजून एक...

"अहो, थांबा!" दारातूनच काकू किंचाळल्या. त्यांच्यामागे नोरा उभी होती.

काकांनी झटकन टेप बंद केली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "सॉरी नोरा, मला कोरी वाटली गं."

नोराने मला पहिल्यापासून लावलं. आधी काकांचा आवाज, मग मध्येच सुरू होणारं तिचं गाणं. "काय म्हणतायत ते?" तिने विचारलं. काकूंनी सांगितलं. नोराने टेप थांबवली.

"माझी आजी आयर्लंडहून बोटीत बसली, ती आपल्या आईशी पुन्हा कधी बोललीच नाही," ती म्हणाली. "राहू दे हे. इथूनच सुरू होईल माझा अल्बम."

मित्रांनो, माझं नशीब म्हणून निभावलं. तुम्ही मात्र बटण दाबण्याआधी एकदा ऐकून बघा. कोऱ्या दिसणाऱ्यांच्या पोटातही कुणीतरी असतं.

अल्बम निघाला, त्याची एक प्रत नागपूरलाही गेली. तिथे काकांच्या आईंनी पहिलंच वाक्य ऐकलं आणि टेपरेकॉर्डरकडे बघत म्हणाल्या म्हणे, "जेवले रे बाळा. तू जेवलास का?"