पेशीबाबाचा हिरवा नकाशा

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल खचाखच भरला होता. पेशीबाबाने माझ्या ताईसमोर चकचकीत कांडी फिरवली आणि पडद्यावर लाल ठिपक्यांचा नकाशा उमटला.

"ही तुमची गाठ, ताईसाहेब! एकेक पेशी, जागच्या जागी! महिन्यापूर्वी सगळ्या चिडलेल्या, लालेलाल. आता माझा अर्क घेतल्यावर पाहा!"

कांडी फिरली, नकाशा हिरवागार झाला. लोकांनी टाळ्या पिटल्या. ताई तर रडायलाच लागली.

मी कपाळावर हात मारला. गाठीतल्या पेशी एकेक करून वाचायच्या, कोण कुणाच्या शेजारी बसलंय ते पाहायचं, हेच माझं प्रयोगशाळेतलं रोजचं काम. पण मी पडले धाकटी! "तुझं नाक मी पुसलंय, तू मला शिकवतेस?" असं म्हणून ताईनं छातीच्या गाठीचं ठरलेलं ऑपरेशन रद्द केलं होतं. माझा नुसता जळफळाट होत होता.

"बाबा, दोन्ही नकाशे छापून द्या की. फ्रेम करून लावते," मी गोड आवाजात म्हणाले. बाबा खूश! वर सहीसुद्धा ठोकली.

मी लाल कागदावर हिरवा ठेवून खिडकीच्या काचेवर धरला. ठिपक्यावर ठिपका बसला.

"ताई, एक तरी पेशी हलली का?"

"नाही. मग?"

"अगं, असा नकाशा काढायला गाठीचा पातळ काप घ्यावा लागतो. यानं तुला साधी सुई तरी टोचली का? आणि महिन्यानं दुसरा काप घेतला, तर त्यातल्या पेशीही दुसऱ्याच असणार. रंग तर आम्हीच कॉम्प्युटरवर भरतो, ओळखायला सोपं जावं म्हणून. म्हणशील तर जांभळा करून देते!"

"अश्रद्धांना दिसत नसतं!" बाबा गरजला.

"दिसतंय की," म्हणत एका टॅक्सीवाल्या काकांनी बाबानंच दिलेला आपला नकाशा ताईच्या कागदावर ठेवून काचेवर लावला. त्यांची गाठ पोटातली. ठिपके मात्र तेच. "काय हो बाबा, यांची गाठ माझ्या पोटात कशी आली?"

हशा पिकला. बाबा पडद्याचा प्लग उपटायला धावला.

ताई हसली नाही. "गाठ तेवढीच असेल ना गं?"

"माहीत नाही," मी खरं तेच सांगितलं.

लोकहो, यंत्र खरं असतं, म्हणून ते मिरवणारा खरा ठरत नाही. कुणी नकाशा दाखवला तर एवढंच विचारा: काप कुणाचा, घेतला कधी?

ताईचं ऑपरेशन झालं. गाठ काखेपर्यंत पोचली होती. बरी होईल, असं डॉक्टर म्हणतात. पण वाया गेलेला तो महिना तिला कोणता बाबा परत देणार?